निळ्या गाडीचा हिवताप

सत्यशीलाला नोकरी माझ्या एका ओळीमुळे लागली, असं मी जिंतुरात भेटेल त्याला सांगतो. ती ओळ मी तिला न विचारता अर्जात घुसडली होती आणि त्यापायी ती नोकरी जवळपास गेलीच होती, एवढं मात्र सांगायचं राहून जातं. आता लिहायलाच बसलोय तर तेही लिहून टाकतो. नाहीतरी माझ्या पोटात काही टिकतं यावर आमच्या गल्लीत कुणाचा विश्वास नाही, आमच्या घरात तर नाहीच नाही.

मी बन्सीधर, अर्जनवीस. तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून लोकांच्या दरखास्ती लिहितो. फेरफाराचा अर्ज, रेशनकार्डाचा अर्ज, नवरा नांदवत नाही याचा अर्ज, बायको नांदत नाही याचा अर्ज. हे शेवटचे दोन्ही एकाच घरातून एकाच दिवशी आले तरी मी दोन्ही लिहून देतो, आणि दोन्हीत अश्रू सारखेच घालतो. या धंद्यामुळे तालुक्यातली बातमी माझ्याकडे सरकारी शिक्का बसायच्या आधी पोचते.

सत्यशीला माझी शेजारीण. आमच्या दोन अंगणांत एकच भिंत आणि तीही माझ्या छातीइतकीच, त्यामुळे त्या घरात काय शिजतं आणि काय बोललं जातं ते मला कळतं. मी ऐकत बसतो असा त्याचा अर्थ नाही. तिचे वडील सूर्यभान टेलिफोन खात्यात लाइनमन. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव पेटलं, त्यात त्यांचं गावाकडचं घर राहिलं नाही. बायकोला आणि पोरीला घेऊन ते जिंतुरात आले आणि आमच्या शेजारी भाड्यानं राहिले. त्या दिवसांबद्दल सूर्यभान कधी बोलले नाहीत, आणि माझ्यासारख्या भोचक माणसानंही कधी विचारलं नाही.

पोरगी तेव्हा पंधरा वर्षांची. वडिलांच्या पिशवीतला पाना आणि कावीळ झाल्यासारखी पिवळी पडलेली पक्कड घेऊन ती दारात बसलेली असायची. आमचा रेडिओ दोन महिने मुका होता. तिनं तो उघडला, आत फुंकर मारली, एक तार जोडली आणि रेडिओ बोलायला लागला. आमच्या धुरपताबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला त्याबद्दल आजवर माफ केलेलं नाही. ते दोन महिने आपल्या संसारातले सगळ्यात सुखाचे होते, असं ती पाहुण्यांना सांगते.

पुढं सत्यशीलानं परभणीच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं सर्टिफिकेट आणलं. वर्गात एकटी मुलगी. जिंतुरात रेडिओची दुकानं दोन, दोघांनीही तिला चहा पाजला आणि दोघांनीही सांगितलं की गिऱ्हाईक काय म्हणेल. मग ती घरीच काम करायला लागली. लोक रेडिओ माझ्या हातात देऊन म्हणायचे, तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवा. मी दाखवायचो. मिस्त्री कोण ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, आणि हळूहळू निम्मा गाव समजायला लागला की अर्जनवीस बन्सीधर रेडिओही दुरुस्त करतो. तो गैरसमज मोडायला मला फुरसत झाली नाही.

सत्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर डोळ्यांच्या दवाखान्यात यंत्रं दुरुस्त करायची एक जागा निघाली. ऑपरेशनचे दिवे, भांडी उकळायचं यंत्र, जनरेटर, सगळं त्या एका माणसानं सांभाळायचं. कायमची जागा. सत्यशीला भिंतीपाशी आली आणि म्हणाली, "मामा, अर्ज लिहून द्या. साधा लिहा. अश्रू नकोत."

मी साधाच लिहिला. तिनं वाचला, खाली सही केली आणि दवाखान्यात पोचवायला माझ्याकडंच दिला. पण अर्ज आणि सही यांच्यामध्ये कोर्ट-फीच्या तिकिटासाठी आम्ही चार बोटं जागा सोडतो. तिकीट लागणार नव्हतं. ती रिकामी जागा माझ्या डोळ्यांत सलायला लागली. आणि माझ्या मनात दवाखान्याची निळी गाडी आली.

ती गाडी म्हणजे गावाची करमणूक. डोळ्यांचे एक परदेशी डॉक्टर इथं सात-आठ वर्षं राहिले, शेकडो लोकांना दृष्टी दिली आणि एक्क्याऐंशी साली परत जाताना आपली गाडी दवाखान्याला देऊन गेले. लांबुडकी, मागचं दार वर उघडणारी, स्टेअरिंग डाव्या हाताला. पण खरी गंमत आत होती. तिच्यात कार्बोरेटर नव्हता. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते विजेवर ठरायचं, आणि ठरवायची ती सीटखालची एक चंदेरी डबी, जेवणाच्या डब्याएवढी. इंजिनापासून त्या डबीपर्यंत तारांचा हा एवढा जुडगा. गाडीचं वय तेरा वर्षं.

गाडीला रोग असा होता की सकाळी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची, नव्या नवरीसारखी शहाणपणानं निघायची, आणि येलदरी रस्त्यावर तिसऱ्या किलोमीटरचा दगड आला, चढ लागला, की मागून काळा धूर सोडायची, खोकायची आणि बसायची. ड्रायव्हर चंद्रभान बॉनेट उघडून तासभर वाट बघायचा. तासानं पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू. बसस्टँडजवळच्या माणिकराव मिस्त्रींनी तीन महिने घालवले. प्लग बदलले, टाकी धुतली, फिल्टर टाकला. शेवटी त्यांनी निकाल दिला की सगळ्या तारा कापा, डबी फेका आणि टॅक्सीचा कार्बोरेटर बसवा. त्या तीन महिन्यांत मी गावात उठवलं होतं की डॉक्टरच्या मडमेचा जीव गाडीत अडकलाय, त्यामुळं ती चढ ओलांडत नाही. मडम आपल्या देशात धडधाकट होती आणि दरवर्षी नाताळात दवाखान्याला शुभेच्छांचं कार्ड पाठवत होती. तरी लोकांनी विश्वास ठेवला.

तर मी त्या चार बोटं जागेत, माझ्या उत्तम अक्षरात, एक ओळ लिहिली. का लिहिली विचाराल तर जागा रिकामी होती म्हणून. वाटलं, दवाखान्यातले लोक हसतील, तिचं नाव लक्षात ठेवतील.

मुलाखतीला मी काही काम नसताना दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. खिडकी उघडी होती, त्याला माझा इलाज नाही. संस्थेचे सेक्रेटरी व्यंकटराव, ऐंशी एकराचे बागायतदार, आवाज इतका मऊ की माणूस ऐकायला पुढं वाकतो आणि वाकला की अडकतो. त्यांनी सर्टिफिकेट बघितलं, मान हलवली. मग अर्ज उचलला आणि सावकाश वाचायला लागले.

"'तसेच अर्जदार ही आपल्या संस्थेची परदेशी मोटार, जी आजवर अन्य कुणास दुरुस्त झालेली नाही, ती दुरुस्त करण्यास समर्थ आहे.'" त्यांनी चष्मा वर केला. "हे तुमीच लिहिलंय का, बाई?"

नाही म्हणावं तर तिच्या सहीवर परक्या माणसाचे शब्द निघाले, अर्जच खोटा ठरला. हो म्हणावं तर ती गाडी तिनं आयुष्यात बाहेरूनच बघितलेली. सत्यशीलानं खिडकीकडं बघितलं. मी व्हरांड्यातल्या फरशा मोजायला लागलो.

"खाली सही माझी हाय," ती म्हणाली. "आठ दिवस द्या."

व्यंकटरावांनी दिले. पुढच्या बुधवारी येलदरीहून ऑपरेशनचे पेशंट आणायचे होते. गाडी न थांबता जाऊन आली तर जागा तिची. थांबली तर माणिकराव गुरुवारी तारा कापतील आणि जागा दुसऱ्या उमेदवाराला. हे सगळं त्यांनी इतक्या मऊ आवाजात सांगितलं की मला वाटलं ते तिला जेवायला बोलवायलेत.

घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढं चालली. मग भिंतीपाशी आली.

"मामा, बुधवारी गाडीत तुमीबी बसायचं."

"मी कशाला गं?"

"बंद पडली तर ढकलायला."

पहिले तीन दिवस तिनं डबीत घातले. सगळा गाव डबीला नावं ठेवत होता, तिलाही वाटलं दोष डबीतच असणार. डबी घरी आणून उघडली. आत रेडिओत असतात तसलेच, पण मुंगीच्या डोळ्याएवढे शेकडो सांधे. भिंग लावून तिनं एकेक तपासला, शंका आली तिथं कथिलाचा डाग दिला. शनिवारी डबी परत बसवली. चंद्रभाननं किल्ली फिरवली, गाडी निघाली आणि तिसऱ्या किलोमीटरच्या दगडापाशी येऊन काळा धूर सोडून बसली. माणिकराव मिस्त्री मागून मोटारसायकलवर आलेच होते. त्यांनी नुसतं खिशातून कात्री काढल्यासारखी दोन बोटं हलवून दाखवली. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी सत्यशीला जेवली नाही. मालनबाई, म्हणजे तिची आई, दोनदा ताट घेऊन गेली. तेव्हा सूर्यभान, जे महिन्यातून चार वाक्यं बोलतात, त्यांनी त्यातली तीन एकदम खर्च केली. म्हणाले, आमच्या खात्यात फोन बंद पडला की लोक एक्स्चेंजला शिव्या देतात. एक्स्चेंज चांगलं असतं. बिघाड कुठंतरी खांबावरच्या सांध्यात असतो.

रविवारी सकाळी तिनं पाना हातात धरलाच नाही. चंद्रभानला समोर बसवलं आणि डॉक्टरनी पेशंटला विचारावं तसं विचारत राहिली. चंद्रभान हा मोठा भाविक माणूस, गाडीवर पोटच्या लेकरासारखी माया. धूर कधी येतो, वास कसला येतो, थंड असताना कशी चालते, तापल्यावर कशी. त्यानं सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "ताई, आणखीन एक नवल हाय. दरसाल दसरा झाला की जास्त बेजार करती. चैत्रात जरा सुधारती." मी लगेच म्हणालो की मडम दसऱ्यालाच गेली होती. सत्यशीलानं माझ्याकडं असं बघितलं की मी मडमेला पुन्हा गाडीत आणलं नाही.

दुपारी ती भिंतीपाशी आली तेव्हा डोळे लकाकत होते.

"मामा, हिवताप आलेला माणूस बघितलाय ना? अंग तव्यासारखं तापलेलं आन् तो म्हणतो थंडी वाजायली, अजून एक गोधडी टाका. ह्या गाडीला तसलंच झालंय. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, तापल्यावर कमी. हिचं इंजिन तापतंय, पण डबीला कुणीतरी सांगायलंय की अजून थंडच हाय. मग ती ओततीय, ओततीय. गुदमरून मरंल न्हाईतर काय."

"सांगतं कोण पण?"

तिनं मूठ उघडली. अंगठ्याएवढी पितळी खुंटी. ही इंजिनाच्या पाण्यात बुडालेली असते आणि पाणी किती तापलं ते तारेनं डबीला कळवते. मालनबाईच्या चहाच्या पातेल्यात गार पाणी घेऊन तिनं खुंटी त्यात सोडली, मीटरच्या दोन तारा तिला लावल्या आणि पातेलं स्टोव्हवर ठेवलं. पाणी तापत गेलं तसा मीटरचा काटा सरकत गेला, अगदी इमानदारीनं, उकळी फुटेपर्यंत. खुंटी खरं बोलत होती. मालनबाईनं त्या पातेल्यात पुन्हा चहा करायला साफ नकार दिला, पण तो वेगळा विषय.

म्हणजे सांगणारा खरं सांगतोय आणि ऐकणाऱ्यापर्यंत खोटं पोचतंय. माझ्या धंद्यात हे रोजचं असल्यामुळं मला पटकन समजलं. पण ऐकणारी डबी शहाणी आहे हे आधी सिद्ध करायला पाहिजे होतं. त्यासाठी तिला एक वस्तू लागली: जुन्या ट्रान्झिस्टरचं आवाज कमी-जास्त करायचं बटण. बाजारात शोधायची गरज पडली नाही. धुरपताबाईनं आमचा रेडिओ स्वतः उचलून भिंतीवरून दिला आणि म्हणाली, "लागंल ते काढून घे, माय. आवाजाचंच असंल तर लयच बरं."

सोमवारी दवाखान्याच्या अंगणात ही गर्दी. कंपाउंडर आले, स्वयंपाकीण आली, एका डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेले पेशंट दुसऱ्या डोळ्यानं बघायला आले. माणिकराव हात बांधून उभे. सत्यशीलानं डबीपाशी खुंटीच्या दोन तारा सोडवल्या आणि त्या जागी माझ्या रेडिओचं बटण जोडलं. आता इंजिन गार की गरम, ते खुंटी सांगणार नव्हती, ही पोरगी बटण फिरवून सांगणार होती.

चंद्रभाननं गाडी सुरू केली आणि तापू दिली. पंधरा मिनिटांत काळा धूर यायला लागला, इंजिन उचक्या द्यायला लागलं. लोक मागं सरले. सत्यशीलानं बटण हळूहळू फिरवायला सुरुवात केली, रात्रीच्या बातम्यांचं स्टेशन लावावं तसं, कान गाडीकडं आणि नजर धुराकडं. धूर काळ्याचा करडा झाला. मग विरळ झाला. मग नाहीच. आणि इंजिन असं एकसुरात चालायला लागलं की त्याच्यावर ठेवलेल्या पान्याचा आवाज येईना.

तिनं बटण उलटं फिरवलं. धूर, उचक्या. पुन्हा सुलटं. पुन्हा एकसूर.

माणिकराव मिस्त्री पुढं आले. तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस, हाताचं ग्रीस कधी न निघालेलं. म्हणाले, "एकदा मला फिरवू द्या."

तिनं बटण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं, चार वेळा. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "डबी चांगली हाय म्हंजे." आणि बटण परत देताना, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्यांनी ते आधी आपल्या सदऱ्याला पुसलं.

गर्दी पांगली. पण काम अर्धंच झालं होतं. बटण लावून गाडी येलदरीला नेता आली नसती. खुंटी आणि डबी यांच्यामध्ये सांधा कुठं दगा देतोय ते सापडायला पाहिजे होतं. मी बॉनेटच्या आडोशाला चहा पीत होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

तारा इंजिनापासून निघायच्या आणि पुढच्या काचेखालच्या पत्र्यात एक मूळचा चकचकीत धातूचा जोड होता तिथून आत जायच्या. गोल जोड, रुपयाच्या तिप्पट, बरोबर मधोमध. त्यावर हळदी-कुंकवाचा बोटभर जाड थर होता. चंद्रभान त्याला गाडीचं कपाळ म्हणायचा. गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीनं आधी तिथं नमस्कार केलेला, माणिकरावांनीसुद्धा, आणि मग बाकी सगळी गाडी खोलली. ती जागा तेवढी कुणी उघडली नव्हती. देवाची जागा उघडतो कोण? सत्यशीलासुद्धा तीन दिवस तिच्या बाजूबाजूनं हात फिरवत होती, चंद्रभानचं मन दुखेल म्हणून.

आता ती तिथं टक लावून बघत होती. मुंग्यांची एक बारीक रांग पत्र्यावरून चढत त्या कपाळात शिरत होती.

"चंद्रभानभाऊ," ती हळू आवाजात म्हणाली, "खंडेनवमीला नारळ कुठं फोडता?"

तो खुशीनं सांगायला लागला. चाकापाशी फोडतो. पण पहिलं पाणी कपाळावर सोडतो, गूळ लावतो, कुंकू भरतो. दसऱ्याला पुन्हा, दिवाळीच्या पाडव्याला पुन्हा. डॉक्टर असल्यापासून तेरा वर्षं, एक साल चुकलं नाही. सांगता सांगता त्याची नजर मुंग्यांवर गेली. मग तिच्या तोंडाकडं.

"म्हंजे मीच," तो म्हणाला. "दसरा झाला की मीच."

"तुमी पूजाच केली. जागा तेवढी चुकली." ती बाजूला सरली. "झाकण तुमीच उघडा. तुमचं हाय ते."

चंद्रभाननं नळावर हात धुतले, पुसले, जोडले आणि झाकण फिरवलं. आत चौदा पितळी टोकं होती. त्यातली दोन टोकं हिरव्या गंजानं इतकी खाल्लेली की बोट लावलं तर भुकटी पडावी; त्यांच्यात लाल चिकट कुंकू सुकून बसलेलं. त्यातलंच एक खुंटीच्या तारेचं. गाडी गार असताना डबीला गार असल्याचं कळायचं, ते खरंच होतं. तापल्यावर मात्र खबर त्या गंजातून अडखळत जायची आणि डबीला वाटायचं, अजून थंडीच आहे.

मंगळवार दिवसभर चंद्रभाननं ती टोकं जुन्या दातांच्या ब्रशनं आणि पेट्रोलनं घासली, देवघरातली भांडी घासावी तशी. दोन मेलेल्या टोकांच्या तारा सत्यशीलानं थेट जोडून डाग दिला, वर मेण ओतलं. मीटर लावला. पातेल्यात जे आकडे आले होते तेच आता डबीपाशी आले. चंद्रभान अडखळत म्हणाला की साहेबांना कळलं तर नोकरी जाईल, दोन पोरी लग्नाच्या आहेत. तिनं मीटर पिशवीत ठेवला आणि विचारलं, उद्या किती वाजता निघायचं.

बुधवारी नेमका बंद. त्या काळात विद्यापीठाच्या नावावरून महिन्या-दोन महिन्याला कुणाचा तरी बंद असायचाच, कधी या बाजूचा, कधी त्या बाजूचा. एसटी बंद, दुकानं बंद, रस्ता मोकळा. दवाखान्याची गाडी म्हणून कुणी अडवलं नाही. पुढं चंद्रभान आणि व्यंकटराव, मागं सत्यशीला मांडीवर पिशवी घेऊन, आणि सगळ्यात मागं मी, ढकलणारा. नामांतराबद्दल व्यंकटरावांचं मत एक, सूर्यभानांच्या घरचं दुसरं, हे गाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांचं लक्ष एका दगडाकडं होतं.

तो दगड आला. चढ लागला. चंद्रभानच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता. मी मागच्या काचेतून धूर बघत होतो; खरं सांगायचं तर मी माझ्या बाह्या वर करून ठेवल्या होत्या. इंजिनाचा आवाज जरा जड झाला, चढाला होतो तेवढाच. मग माथा आला. मग उतार. मागं धुरळा होता, धूर नव्हता. व्यंकटराव म्हणाले, "पुढं बघून चालवा, चंद्रभान," कारण तो आरशात सत्यशीलाकडं बघत होता.

येलदरीहून सहा पेशंट भरले. माझी जागा गेली आणि मी गाठोड्यांच्या मध्ये, गुडघे हनुवटीला लावून बसलो. इंजिन तापलेलं, गाडी भरलेली, चढ उलट्या बाजूचा आणि जास्त उभा. ती चढत गेली. माथा ओलांडून तिसऱ्या किलोमीटरचा दगड आला तेव्हा नर्मदाबाई नावाची एक म्हातारी पेशंट एकदम म्हणाली, "आरं थांबव की. मागच्या साली हितंच थांबली होती गाडी. मी हितं बसून भाकर खाल्ती. आत्ताबी बांधून आणलीय."

"आता न्हाई थांबत, आजी," चंद्रभान म्हणाला.

"मंग भाकर कुठं खाऊ?"

"चालत्या गाडीत खा," व्यंकटराव म्हणाले, आणि मी तालुक्यात बावीस वर्षं अर्ज लिहितोय, पण त्या माणसाला मोठ्यानं हसताना तेव्हाच ऐकलं. नर्मदाबाईनं गाठोडं सोडलं. चटणीचा वास गाडीभर पसरला आणि मला गाठोड्यांच्या ढिगात चतकोर भाकर पोचली.

दवाखान्याच्या अंगणात माणिकराव उभे होते, तार कापायची कात्री घरी ठेवून. सूर्यभानही होते, एका खांबाला टेकून, बघत नसल्यासारखे बघत. व्यंकटराव खाली उतरले, बॉनेटवर तळहात ठेवला आणि सत्यशीलाला विचारलं, "दोष कुठं होता?"

"जोडात. गंज चढला होता."

"कशानं?"

चंद्रभान स्टेअरिंग धरून बसला होता, उतरतच नव्हता.

"तेरा वर्षं पाणी लागलं," ती म्हणाली. "गाडी जुनी हाय, साहेब. जुन्या गाडीचं पाणी सांभाळावं लागतं. आता मी सांभाळीन."

"सांभाळा," व्यंकटराव म्हणाले. "सोमवारपासून या."

एवढंच. सूर्यभाननी खांबावरून पाठ काढली, पोरीच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागले. तिसऱ्या पावलावर त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं मी त्यांना आजवर दाखवत आलोय.

आणि पाणी कुठलं होतं ते मी सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही. माझ्यासाठी हा विक्रम आहे. आता सांगतोय, कारण चंद्रभान गेल्या साली रिटायर झाला आणि बसस्टँडवर बसून स्वतःच सगळ्यांना सांगत सुटलाय. माझ्याआधी त्यानं सांगावं हे मला सहन होईना.

रुजू होण्याचा अर्जही तिनं माझ्याकडूनच लिहून घेतला. तीनदा वाचला. मग शेवटच्या अक्षराला चिकटून, मुंगी शिरणार नाही इतकी घट्ट सही केली, समोर उरलेल्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ ओढली आणि कागद माझ्या डोळ्यांसमोरून उचलला.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम दवाखान्यात गेलो. गाडी धुतलेली, झेंडूचा हार बाहेर बंपरला, कुंकवाचं एक बोट बॉनेटच्या वरच्या पत्र्यावर. चंद्रभाननं चाकापाशी नारळ फोडला, पाणी एका पेल्यात धरलं आणि एक थेंबही न सांडता ते अंगण ओलांडून यंत्रांच्या खोलीत घेऊन गेला. सत्यशीला दिव्याच्या तारा तपासत होती.

"ताई," तो म्हणाला, "पहिलं पाणी."

तिनं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि उभ्यानंच ते पिऊन टाकलं.